अंगणातल्या कोंबड्या : वाचकांचे प्रश्न

*संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत 26 वर्षं गावरान कोंबड्या पाळणाऱ्या ताई या महिन्यात उत्तरं देत आहेत.*

माझ्या 18 कोंबड्यांपैकी 15 चार दिवसांत गेल्या. हिरवट हगवण, मग माना वाकड्या. शेजारणी म्हणतात, साथ आली की जातातच. पुन्हा पिल्लं आणू का? — एक वाचक, पाटण तालुका

जरूर आणा, पण 'जातातच' हे मनातून काढून टाका. तुम्ही लिहिलेली लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची वाटतात. एकदा आला की त्यावर औषध नाही, पण लस आहे आणि ती स्वस्त आहे.

मी हे शिकले ते 34 कोंबड्या गमावून. तिसरं वर्ष होतं. कोंबड्यांना लस मी टोचून घेतली होती, तरी आठवड्यात खुराडं रिकामं झालं. पुढे कळलं की लसीची बाटली एका दुकानातून आणताना पिशवीत तशीच, बर्फाशिवाय, दोन तास एसटीत होती. या लसीत जिवंत विषाणू असतो. उन्हात तो मेला की तुम्ही नुसतं पाणी टोचता. तेव्हापासून मी थर्मासमध्ये बर्फ भरून नेते, आणि दुकानदाराने बाटली फ्रीजमधून काढून दिली नाही तर घेत नाही.

पिल्लू 5 ते 7 दिवसांचं झालं की राणीखेतच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत सोडायचा. थेंब पडल्यावर पिल्लू डोळा मिटून उघडतं, थेंब आत जातो, तोवर त्याला हातातून सोडू नका. महिन्याचं झालं की पुन्हा एकदा लासोटा. मग आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस, पंखाखालच्या कातडीत. ही लस लहान पिल्लांना देऊ नका, तिचीच बाधा होते. लस नेहमी संध्याकाळी, थंड वेळेला, आणि धडधाकट पक्ष्यांनाच. कालवलेली लस दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. आणि देताना तुमच्या डोळ्यांत उडू देऊ नका, डोळे लाल होऊन चुरचुरतात.

अडचण एकच असते. बाटली बहुतेक 100 डोसांची, आणि आपल्याकडे कोंबड्या वीस. म्हणून आमच्या वाडीत आठ घरं मिळून एकच दिवस ठरवतो. एकीच्या अंगणात सगळ्या जणी डाली घेऊन येतात, एक जण धरते, एक जण थेंब सोडते. शेजारणीच्या कोंबड्या रोगी राहिल्या तर आपल्याही सुटत नाहीत, तेव्हा हा खर्च वाटून घेणं सगळ्यांच्या हिताचं आहे.

आता खुराडं धुवा, चुना मारा, जुनं तूस जाळा आणि महिनाभर रिकामं ठेवा. वाचलेल्या तीन कोंबड्यांत नवी पिल्लं लगेच सोडू नका. त्या रोग बाळगून असू शकतात. पिल्लांचे डोस पूर्ण होईपर्यंत दोघांना लांब ठेवा. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकायच्या नाहीत, खोल खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या, तर हात लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूही असाच दिसतो. 2006 साली नवापूरला त्याने कोंबडीपालकांचं काय केलं ते आपण पाहिलं आहे.

आमच्या कोंबड्या 12-15 अंडी घातली की खुडूक होतात, म्हणजे उबवायला बसतात, आणि महिना-दीड महिना उठत नाहीत. सासूबाई पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. दुसरा उपाय आहे का? — एक वाचक भगिनी, कराड

आहे, आणि तो करा. बुडवणं, पीस खुपसणं दोन्ही थांबवा. कोंबडी आजारी पडते. खुडूक होणं हा गावरान कोंबडीचा स्वभाव आहे, रोग नाही.

पिल्लं हवी असतील तर तिच्याखाली 10 ते 12 अंडी ठेवा, तिच्या पोटाखाली झाकतील इतकीच. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, फ्रीजमधली नकोत. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघा. फळलेल्या अंड्यात कोळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात, मध्ये ठिपका. पूर्ण उजळ दिसलं तर ते काढून टाका. 21 व्या दिवशी पिल्लं येतात. शेवटचे तीन दिवस तिला मुळीच हलवू नका.

पिल्लं नको असतील, तर तळाला जाळी असलेला पिंजरा दोन विटांवर ठेवा, आत घरटं नाही, फक्त दाणा-पाणी. बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी. खालून वारा लागला की पोट थंड पडतं आणि तीन-चार दिवसांत ती मोकळी होते. मात्र खुडूक झाल्या दिवसापासून करा. पंधरा दिवस बसू दिलीत तर वेळ लागतो. पुन्हा अंडं घालायला तिला दोन-तीन आठवडे द्या.

वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत आणि अंडीही जास्त देतात. पण पिल्लं विकत आणावी लागतात. मी गावरानच ठेवते. घार आली की पंखाखाली पिल्लं घेऊन उभी राहते ती हीच.

कोंबड्या स्वतःची अंडी फोडून खातात. — एक वाचक, अलिबाग

दादा, घरट्यात तूस भरपूर टाका, अंधार ठेवा आणि दुपारी बारापर्यंत अंडी उचला. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात कायम ठेवा, तुमच्याकडे किनाऱ्यावर पोतंभर फुकट मिळेल. अंड्यांची टरफलं द्यायची तर तव्यावर भाजून बारीक कुटून द्या. अर्धं टरफल तसंच टाकलंत, तर तिला अंड्याची ओळख पटते. सवय एकीलाच असते बहुतेक. चोचीला सुकलेला पिवळा बलक दिसेल, तिला आठवडाभर वेगळी ठेवा.