किब्बरच्या थंडीतला कॅमेरा: हीटरजवळ अजिबात नको

‘सोलंगहून हॉटेलवर आल्यावर लेन्स धुकटली, हीटरसमोर धरून वाळवली, आता ठीक दिसतेय. फेब्रुवारीत हिमबिबट्यासाठी हिमाचलात, स्पीतीतल्या किब्बरला जातोय, उणे 25 असतं म्हणे, कव्हर कोणतं घेऊ?’ हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. हाच शहाणपणा मी 2019 साली केला होता, तोही किब्बरमध्येच. तेव्हा कव्हरचं नंतर बघू.

जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायच्या वगैरे तुम्हाला माहीत असेलच. थंडीत स्क्रीन सुस्तावते, बॅटरी अर्ध्यावरून एकदम शून्यावर येते, पण ऊब मिळाली की दोन्ही बहुधा ताळ्यावर येतात. माझ्या अनुभवात नुसत्या थंडीने कॅमेरा मेला नाही. मेला तो घरात आल्यावर.

आमचा तिसरा दिवस. बाहेर उणे 18 च्या आसपास, दिवसभर कड्यावर बसून भरल (तिथली जंगली मेंढरं) सोडून काही दिसलं नव्हतं. संध्याकाळी होमस्टेवर आलो. तिथे थंडीत सगळं घर एका खोलीत, तंदूरभोवती असतं. म्हणजे आपली रोटीची भट्टी नव्हे, मधोमध ठेवलेली लोखंडी शेगडी. तिच्यावर किटली उकळतेय, थुक्पा (शेवयांचं सूप) शिजतोय, आठ माणसं श्वास सोडतायत. मी त्या खोलीत बॅग उघडून कॅमेरा बाहेर काढला. अर्ध्या मिनिटात तो पांढराफटक, आणि मग धारा. खोलीत 15 अंश आणि आर्द्रता 50 टक्के धरली, तरी 5 अंशांपेक्षा गार वस्तूवर दव धरतं. इथे तर उणे 18 चं धातूचं धूड. गोव्यात एसी खोलीतून बाहेर पडलं की चष्मा धुकटतो ना, तेच, फक्त कित्येक पट.

इथवरही बहुतेक निभावलं असतं. पण मला वाटलं आत हवा खेळली की लवकर वाळेल, म्हणून लेन्स काढली. म्हणजे ती सगळी वाफ मीच आत बोलावली. मग फोटो बघायची घाई, म्हणून ओला कॅमेरा चालू केला. आणि वर रात्रभर दोन्ही तंदूरशेजारच्या फळीवर. सकाळी साडेपाचला बाहेर काढलं तेव्हा आत उरलेलं पाणी गोठलं असावं. फोकस रिंग हलेना. दुपारी समोरच्या धारेवर हिमबिबट्या आला, चांगली वीस मिनिटं बसला. माझ्या स्क्रीनवर फक्त एरर. शेजारच्या दुर्बिणीतून बघितला, त्याचं सुख आहेच, पण जाऊ दे.

घरी आल्यावर दोन महिने सगळं छान चाललं. म्हणूनच तुमच्या ‘आता ठीक दिसतेय’ला मी घाबरतो. मग बटणं आपोआप दाबली जाऊ लागली. जूनमध्ये एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला. पाच आठवडे. दर फोनला ‘इंजिनियर बघतायत’. शेवटी कागद मिळाला: द्रवामुळे नुकसान, वॉरंटी बाद. मी म्हटलं, पाण्यात पडलाच नाही, आणि कॅमेरा वेदर सील्ड आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, पाणी आत आहे ना?’ खरं सांगायचं तर नियमाने तो बरोबर होता. गार कॅमेरा पिशवीत घालूनच उबेत आणा, हे माहितीपुस्तिकेतही होतं, मी ती उघडलीच नव्हती. सीलमुळे पावसाचे थेंब अडतात, वाफ अडत नाही. झूम पुढेमागे केला की लेन्स हवा आत ओढतेच. संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे: लेन्सही त्यांच्याकडेच होती, ऐन पावसाळ्यात, बबल रॅपमध्ये गुंडाळून. परत आली तेव्हा आतल्या काचेवर बुरशीचे तंतू. बुरशी तिथेच धरली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण दुरुस्तीला देताना लेन्स वेगळी ठेवून घ्या आणि तिचे फोटो काढून ठेवा, एवढं शिकलो.

आता मी काय करतो. (मी तंत्रज्ञ नाही, तुमच्या मॉडेलची पुस्तिका आधी वाचा.) घरात शिरण्याआधी, बाहेरच, कार्ड आणि बॅटरी काढून घेतो, म्हणजे फोटो बघायची खुमखुमी भागते. मग कॅमेरा लेन्ससकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बांधून. आत उरते ती बाहेरची कोरडी हवा, आणि दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरतं. ही पिशवी बॅगेत, आणि बॅग तंदूरपासून लांब, थंड कोपऱ्यात. दोन-तीन तास उघडायची नाही, मोठ्या लेन्सला जास्तच. पहाटे पुन्हा निघायचं असेल तर मी सरळ बिनतापवलेल्या खोलीतच ठेवतो, गरम-गार करतच नाही. जॅकेटच्या आत कॅमेरा घेऊ नका, घामाची वाफ असते. काचेवर फुंकरही नको, ती तिथेच गोठते.

बॅटरीबद्दल एकच: गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि क्षमता कायमची घटते. आधी खिशात उबू द्या.

धुकटलेला कॅमेरा तांदळात ठेवा असं कोणी सांगेल. नका ठेवू, पिठाची धूळ तेवढी आत जाईल. तुमची लेन्स आत्ताच हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या ताज्या सिलिका जेलसोबत ठेवा आणि आठवड्याने मागून टॉर्च मारून आत बुरशी दिसते का बघा.

आणि कव्हर? माझ्या मते फुकटचा खर्च. त्या पैशात बोटं झाकणारे पातळ हातमोजे आणि त्यावर घालायला जाड हातमोजे घ्या. पिशवी बांधायला रबरबँड नेऊ नका, माझे दुसऱ्याच दिवशी तटातट तुटले. बायकोचे केसांचे कापडी बँड नेले, ते अजून आहेत.