आमदार निधीचा रस्ता आमदारांच्याच फाटकापर्यंत: दाद कोठे मागावी?

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांच्या गावात २०२३ साली आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून काँक्रीटचा रस्ता झाला. तो वस्तीकडे न वळता आमदारांच्या कुटुंबाच्या शिक्षणसंस्थेच्या फाटकापाशी संपतो. एकाच रस्त्यावर तीन कामांचे तीन फलक उभे आहेत आणि तिन्ही कामांचा ठेका आमदारांच्या पुतण्याच्या भागीदारी फर्मला मिळालेला आहे. या आमदारांची आमदारकी रद्द होईल का आणि तक्रार कोठे करावी, असे ते विचारतात. आपले धाकटे बंधू गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमदारांच्या पॅनेलविरुद्ध उभे राहून पडले, हेही त्यांनी न लपवता लिहिले आहे.

गुरुजी, आमदारकीचे आधी सांगतो, कारण पत्राचा सारा भर तिच्यावर आहे. निवडून दिलेल्या आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे मतदारांना नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९क प्रमाणे राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा करार चालू असलेला आमदार अपात्र ठरतो. मात्र तो करार त्याने स्वतः आपल्या व्यवसायात केलेला असावा लागतो, आणि पुतण्याचा करार म्हणजे काकांचा करार असे कायदा मानत नाही. फर्मच्या नोंदणीत आमदारांचे स्वतःचे नाव भागीदार म्हणून सापडले, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तेथेही आपल्याला उशीर झाला आहे. ठेकेदाराने काम पुरे केले की, सरकारकडून बिल यायचे बाकी असले तरी, या कलमापुरता करार चालू राहिलेला नाही, असे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. काम चालू असते, तर राज्यपालांकडे अर्ज करता आला असता आणि निवडणूक आयोगाच्या मतानुसार त्यांना निर्णय द्यावा लागला असता.

राहतो तो फौजदारी मार्ग. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खाली आमदार हा लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. (त्याआधी १९८४ मध्ये, अंतुले यांच्या खटल्यात, जुन्या दंडसंहितेप्रमाणे आमदार लोकसेवक नाही असे ठरले होते, पण सामान्य नागरिक भ्रष्टाचाराची फिर्याद थेट विशेष न्यायालयात दाखल करू शकतो, हेही त्याच खटल्याने आपल्याला दिले.) या अधिनियमाखाली नुसत्या दंडाची शिक्षा झाली, तरी दोषसिद्धीच्या तारखेपासून सहा वर्षे अपात्रता लागते, आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपील दाखल केले एवढ्यावर खुर्ची वाचत नाही.

येथे मात्र आपल्याला निराश करणारी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. पदाचा दुरुपयोग करून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा आर्थिक फायदा करून देणे हा पूर्वी कलम १३ खाली स्वतंत्र गुन्हा होता, आणि आपली तक्रार नेमकी त्यात बसली असती. २६ जुलै २०१८ पासून तो खंड वगळला गेला. आपला रस्ता २०२३ चा आहे. त्यामुळे आता एक तर लाभ घेतल्याचा पुरावा लागेल, नाही तर ताब्यातील सार्वजनिक पैशाचा अप्रामाणिकपणे अपहार झाला किंवा होऊ दिला, हे दाखवावे लागेल. त्यातच त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १७क प्रमाणे, लोकसेवकाने पदाच्या कामात केलेल्या शिफारशीची किंवा घेतलेल्या निर्णयाची चौकशी करण्यापूर्वी पोलिसांना सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आमदार निधीत आमदार करतो ती शिफारसच. मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम बांधकाम विभाग करून घेतो आणि बिल अभियंत्यांच्या मोजमापावर निघते, म्हणजे आमदारांची सही बहुधा एकाच पत्रावर असते आणि बाकीच्या सह्या इतरांच्या.

म्हणून माझा सल्ला असा की, आपण त्या इतर सह्यांपासून सुरुवात करावी. एकाच रस्त्याचे तीन तुकडे का पाडले, याचे उत्तर आमदारांनी नव्हे, तर अंदाजपत्रकावर सही करणाऱ्या अभियंत्याने द्यायचे आहे, आणि तुकडे ई-निविदा टाळण्याइतके लहान आहेत का, ते आकडे पाहताच कळेल. ज्या जमिनीवर रस्ता टाकला ती गाव नकाशात सार्वजनिक आहे की सातबाऱ्यावर संस्थेची किंवा कुटुंबाची, हेही तलाठ्याकडून आधी काढून घ्यावे. या निधीतून होणारी मत्ता सार्वजनिकच असली पाहिजे, त्यामुळे खाजगी गटातून रस्ता गेला असेल, तर मंजुरीच मुळात डळमळीत होते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. त्यामुळे जिल्हा नियोजन कार्यालयाकडे शिफारसपत्र व प्रशासकीय मान्यता, आणि बांधकाम विभागाकडे अंदाजपत्रक, निविदेची कागदपत्रे, कार्यारंभ आदेश व मोजमाप पुस्तक, असे दोन वेगळे अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करावेत. ‘रस्त्यात भ्रष्टाचार का झाला’ असला प्रश्न त्यात विचारू नये; का या शब्दाला माहिती अधिकारी उत्तर देत नाहीत. तीस दिवसांत माहिती न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे. प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. लोक तो वापरत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

कागदांत आणि जमिनीवर तफावत निघाली, तर अधिकाऱ्यांविरुद्ध लोकायुक्तांकडे आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. खोटे मोजमाप लिहिणे ही शिफारसही नव्हे आणि निर्णयही नव्हे, असा युक्तिवाद तेथे कलम १७क च्या आडकाठीविरुद्ध करता येतो. आमदारांच्या निवडणूक शपथपत्राची प्रत आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. २०१८ पासून त्यात स्वतःचे, पत्नीचे व अवलंबितांचे सरकारी ठेके आणि भागीदारीतील हिस्से लिहावे लागतात, तेव्हा फर्मचे नाव तेथे आहे का, ते जरूर पाहावे.

जनहित याचिका हा शेवटचा उपाय समजावा. ती आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे दाखल करता येईल, पण बंधूंच्या पराभवाचा उल्लेख आपल्याच शपथपत्रात पहिल्या पानावर असू द्यावा. तो समोरच्या वकिलाने काढला, तर याचिका जनहिताची न राहता भाऊबंदकीची होते. तोवर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमदाराने पैसे खाल्ले’ असे एक वाक्यही लिहू नये, कारण अब्रुनुकसानीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. पाहणीची तारीख मिळाली की, सोबत लांब टेप आणि दोन शेजारी घेऊन जावे, फाटकापासून फलकापर्यंतची लांबी, रुंदी व जाडी लिहून काढावी आणि त्या कागदावर हजर असलेल्या अभियंत्याची सही तेथेच मागावी.