उत्तर: सोलापुरात शिधा वाटताना आधारची झेरॉक्स गोळा करू नका

जय ख्रिस्त. नगरच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तुमचा तरुण संघ नाताळच्या आधी सोलापुरात येऊन विडी कामगारांच्या घरी शिधा वाटणार आहे, आणि सभागृह मागायला गेलात तिथे लाभार्थ्यांची यादी आधारच्या झेरॉक्ससकट आणायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. आमच्या महिला मंडळाला सगळ्यात जास्त याच कागदानं छळलं.

पैसे, टेम्पो, पिशव्या यावर लिहीत नाही, ते तुम्हाला जमेल.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, वाटणार होतो. उन्हाळा होता. जागेसाठी एका कार्यालयात गेलो, तर आधी यादी आणा म्हणाले. यादी नेली, तर झेरॉक्स हव्यात. घरोघरी फिरून झेरॉक्स जमवल्या, तेव्हा साहेब रजेवर. ते आले आणि म्हणाले, हे आमच्याकडे येतच नाही, दुसऱ्या विभागात जा. झेरॉक्सचा गठ्ठा मात्र त्यांच्याच टेबलावर राहिला, मागूनही परत मिळाला नाही. तोवर दळून ठेवलेलं ज्वारीचं पीठ त्या उकाड्यात कडू झालं. पण पिठापेक्षा वाईट झालं ते वस्तीत. या बायका आठवड्याच्या हप्त्याला आधीच धास्तावलेल्या असतात, फायनान्सवाले दारात येतात. आपल्या आधारवर कुणीतरी कर्ज काढणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि ज्या घरांत आम्ही वर्षानुवर्षं प्रार्थनेला जात होतो तिथे दार अर्धंच उघडायला लागलं. तो विश्वास परत मिळवायला किती चहा प्यावे लागले ते आमचं आम्हाला माहीत. त्या कार्यालयातल्या कुणाला याचं काही वाटलं असेल असं मला आजही वाटत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: सभागृह सोडून द्या. स्थानिक मंडळीच्या आवारातून पिशव्या भरा आणि घरी नेऊन द्या. पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचं साधं पत्र देऊन पोच घ्या. यादीत नाव, गल्ली आणि घरात माणसं किती, एवढंच असू द्या. रांग तर लावूच नका. विडीची मजुरी नगावर असते. रांगेत अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या वळायच्या राहतात, म्हणजे तुमच्या पिशवीची किंमत तिनं स्वतःच भरली. सकाळी बायका वळलेला माल कारखान्यात द्यायला आणि पान-तंबाखू आणायला जातात, त्यामुळे दुपारी उशिरा जा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जाणार असाल तर ती दहा हजार घरांची आहे. सगळीकडे पोचायचा हट्ट न धरता एखादाच भाग घ्या.

यादी कोण करतं यावर सगळं आहे. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, कन्नड आणि उर्दूही आहे. मराठी बोलणाऱ्या चारजणांनी यादी केली की मराठीत धीटपणे बोलणाऱ्यांचीच नावं येतात आणि एकटी राहणारी तेलुगू म्हातारी सुटते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, म्हणून सात जण निवडले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. तुमच्या संघाच्या सभेत हा भाग जरूर वाचा, आणि यादी त्याच गल्लीतल्या तेलुगू बहिणींच्या हाती द्या.

पिशवीत गहू-तांदूळ भरू नका. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. अडतं ते तूरडाळ, गोडेतेल, शेंगदाणे, साखर, चहा पावडर, साबण यांवर. सोलापुरात भाकरीबरोबर शेंगाचटणी असली की जेवण होतं, तेव्हा शेंगदाणे जरा सढळ हातानं घाला. ज्वारी द्यायचीच तर आख्खी द्या, पीठ नको. ज्या घराचं रेशनकार्डच नाही किंवा नाव कटलंय, त्यांची वेगळी नोंद घ्या. तिथे मात्र धान्यही द्या आणि कार्डाच्या अर्जाला कुणीतरी सोबत जा.

तुमच्याबरोबर परदेशी पाहुणे येणार असं लिहिलंय, त्याबद्दल. मी वकील नाही, जाणकाराला विचाराच. पण पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराचं काम चालत नाही, आणि पाहुणे जिथे उतरतील त्यांनी २४ तासांत त्यांची माहिती सरकारकडे नोंदवायची असते. परदेशातून मंडळीला येणाऱ्या पैशाला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. कुणी "आमच्या खात्यातून घ्या" म्हणालं तर नको म्हणा.

पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका घालू नका, हे मी श्रद्धावंत म्हणूनच सांगते. भुकेल्या घराला डाळ देताना बदल्यात काही मागतोय असा संशयसुद्धा येता कामा नये. कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर जरूर करा, बसून करा. पिशवी घेतानाचे फोटो काढू नका. देणगीदारांना भरलेल्या पिशव्यांचा फोटो आणि किराणा दुकानाची पावती पुरते. आमच्याकडे यावरून वाद झाले, काही देणगीदार तुटले, तरी माझं मत तेच आहे.

तेलाच्या पिशव्या शेवटी, वेगळ्या खोक्यात न्या, फुटल्या की साखर-चहा सगळं जातं. तारीख पक्की झाली की इथेच कळवा, पूर्व भागातल्या दोन-तीन तेलुगू बहिणींशी तुमची गाठ घालून देते. यादीला त्यांना निदान पंधरा दिवस द्या.