चेहऱ्यावरचं पुरळ डॉक्टरांपासून लपवलं तेव्हा

कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या महिना-दोन महिन्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक प्रश्न असतो, आणि नेमका तोच ते डॉक्टरांना विचारत नाहीत. "अंगावर पुरळ उठलंय, जुलाब होतायत, तळहातांची सालं निघतायत. हे सांगितलं तर डॉक्टर औषध बंद करतील का?" औषध बंद झालं की आजार उलटणार, ही भीती इतकी मोठी असते की माणसं बाकी सगळं मुकाट्यानं सोसतात. घरच्यांचं उलटंच चाललेलं असतं. "बाधतंय ना औषध, मग घेतेस कशाला?" या दोन्हींच्या कात्रीत सापडलेल्या एका ताईंची ही हकीकत. लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका. वय पन्नाशीच्या अलीकडचं. तंबाखू, मिश्री कशालाच कधी हात लावलेला नाही. खोकला हटेना म्हणून तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. धूम्रपान न केलेल्या बायकांमध्ये हा बदल जास्त आढळतो, आणि तो असेल तर पुष्कळदा केमोच्या सलाइनऐवजी रोजच्या एका गोळीवर आजार आटोक्यात ठेवता येतो. ताईंना एर्लोटिनिब १५० मिलिग्रॅम सुरू झाली. काही आठवड्यांत खोकला उतरला, त्या न थांबता माडीवर चढून जाऊ लागल्या. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

पुरळ मात्र दहाव्या-बाराव्या दिवशीच उठलं होतं. आधी नाकाच्या दोन्ही बाजूंना, मग गाल, कपाळ, डोक्याची कातडी, छाती, पाठ. लाल पुळ्या, काहींत पिवळं पाणी, रात्रभर खाज आणि आग. दिवसाला चार-पाच जुलाब वेगळेच.

तपासणीला येताना ताई जाड पावडर थापून, डोक्यावरून पदर ओढून आणि तोंडाला मास्क लावून आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" त्या म्हणाल्या, "काही नाही, बरं आहे." वजन करताना सिस्टरांच्या लक्षात आलं की ताईंचे डोळे भरलेत आणि वजन दोन किलोंनी उतरलंय. त्यांनी ताईंना माझ्या खोलीत आणून बसवलं.

चेहऱ्याचं काही विचारायच्या आधी मी अंगणवाडीचं विचारलं, आणि त्यांना रडू फुटलं. पोरं रोज गळ्यात पडायची. आता आया दारातच पोरांचा हात धरून उभ्या राहतात. कुणी म्हणतं कांजिण्या, कुणी म्हणतं बाईंना काहीतरी लागणीचं झालंय. "मदतनीस म्हणाली, बाई, आठ दिवस तुम्ही ताटं वाढू नका, बायका बोलायला लागल्यात. मॅडम, गाठ निघाली त्या दिवशीसुद्धा मला एवढं लागलं नव्हतं."

हे ऐकून कुणाला वाटेल, एवढा मोठा आजार असताना चेहऱ्याचं काय घेऊन बसल्या. मला तसं मुळीच वाटत नाही. फुप्फुसातली गाठ कुणाला दिसत नाही, चेहरा सगळ्यांना दिसतो. आजार कुणाला सांगायचा, किती सांगायचा, हे ठरवायचा हक्क माणसाचा असतो. पुरळ तो हक्कच काढून घेतं.

"डॉक्टरांना का दाखवलं नाहीत?" मी विचारलं. बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग दोन कारणं बाहेर आली. पहिलं नेहमीचंच, डॉक्टर गोळी बंद करतील. दुसरं कारण त्यांनी तपासणीच्या रांगेत ऐकलं होतं. शेजारी बसलेल्या एका पेशंटनं सांगितलं होतं, "पुरळ उठलं म्हणजे गोळी लागू पडली. पुरळ गेलं की समजायचं, गोळीचा असर संपला." म्हणून ताई पुरळ जपत होत्या. खाज सुटली की मनात म्हणायच्या, गोळी काम करतेय.

घरी आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, वेगळाच धोशा. "उष्ण पडतीया ती गोळी. अंगात उष्णता भरलीया, बंद कर." गोळी बंद होत नाही म्हटल्यावर सब्जा, गुलकंद, कडुलिंबाच्या पाल्याचा लेप, सगळं झालं. भाचीनं पिंपल्सची जेल दिली, त्यानं तर चेहरा पेटल्यासारखा झाला. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय एक मलम दिलं, त्यात जबर स्टिरॉइड होतं.

ताईंचे यजमान बाहेर बाकावर बसले होते, त्यांनाही आत बोलावलं आणि पुरळ का उठतं ते दोघांना सांगितलं. ईजीएफआर हे पेशींना 'वाढा' असा निरोप पोचवणारं प्रथिन. गाठीच्या पेशींत ते बिघडून सतत चालू राहिलेलं असतं आणि गोळी ते बंद पाडते. पण हेच प्रथिन चांगल्या कातडीत, केसांच्या मुळांशी, नखांभोवती आणि आतड्याच्या अस्तरातही असतं. गोळी तिथंही पोचते. म्हणून पुरळ, म्हणून कोरडी कातडी, म्हणून जुलाब. यजमान द्राक्षबागायतदार. ते लगेच म्हणाले, "तणनाशक मारताना वाऱ्यानं पिकावर उडतं, तसं म्हणा की." अगदी तसंच.

या पुरळात लागण होण्यासारखं काही नाही. ताटाला ताट लागलं, पोराला कडेवर घेतलं, एका पंचानं तोंड पुसलं, तरी ते दुसऱ्याला होत नाही. एर्लोटिनिबच्या ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात गोळी घेणाऱ्या दर चारांपैकी साधारण तिघांना पुरळ उठलं होतं. म्हणजे ताईंच्या नशिबी काही अघटित आलेलं नव्हतं. हे मुरुमही नव्हेत. दिसायला तसे दिसतात, पण मुरुमांची औषधं कातडी सुकवतात आणि ही कातडी आधीच सुकलेली असते.

रांगेत ऐकलेल्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच ती जास्त घातक ठरते. काही अभ्यासांत पुरळ उठलेल्यांना या गोळीचा गुण अधिक आल्याचं दिसलं आहे. पण पुरळावर इलाज केला म्हणून गाठीवरचा परिणाम जात नाही. पुरळ उठलंच नाही म्हणून गोळी वाया गेली, असंही होत नाही. गोळी काम करतेय की नाही, ते स्कॅन सांगतो. खाजेवरून ते ठरवता येत नाही.

मी डॉक्टर नाही. मलम कोणतं, डोस किती, हे माझं काम नव्हे. पेशंटच्या पोटात अडकलेली गोष्ट डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचवणं, हे माझं काम. डॉक्टरांकडे मिनिटं मोजकी असतात आणि आपल्या बायकांना 'बरं आहे' म्हणायची सवय असते. "किती सोसते हो!" हे आपल्याकडे बाईचं कौतुक म्हणून बोलतात. कॅन्सरच्या उपचारात या कौतुकानं फार नुकसान होतं. न सांगितलेल्या जुलाबांनी अंगातलं पाणी जातं, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि एक दिवस सोसवेनासं झालं की माणूस स्वतःच गोळी सोडून मोकळा होतो. ज्याची भीती होती तेच आपल्या हातानं घडतं.

ताईंना वहीची सवय होती. पोरांचं वजन, उंची, हजेरी, आहार, सगळ्या नोंदी त्यांच्याच हातच्या. मी म्हटलं, "ताई, आता एक रजिस्टर स्वतःचं." तारीख, जुलाब किती, खाज शून्य ते दहात किती, रात्री झोप किती तास, गोळी किती वाजता, काय खाल्ल्यावर. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी चेहऱ्याचा एक फोटो. पहिल्या पानावर डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. पहिला प्रश्न त्यांनी लिहिला, "हे सांगितल्यावर तुम्ही गोळी बंद करणार का?" आम्ही तो मोठ्यानं वाचून पाहिला. दुसऱ्यांदा वाचताना आवाज कापला नाही.

त्या आठवड्यातच त्या वही घेऊन डॉक्टरांपुढे बसल्या. जुलाबाचे रकाने वाचता वाचता डॉक्टरांची नजर एका नोंदीवर थांबली, 'गोळी आठ वाजता, भाकरी-भाजीनंतर'. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी घ्यायची असते, खाण्याआधी किमान एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. अन्नासोबत घेतली तर ती रक्तात कितीतरी जास्त शिरते आणि त्रासही तितका वाढतो. ताईंना हे सुरुवातीला सांगितलं होतं, पण 'रिकाम्या पोटी उष्ण पडेल' म्हणून आत्याबाई आधी पोटभर खायला घालत. प्रेमानंच. (पित्ताची गोळीही अशीच मनानं घेऊ नये. तिनं उलटं होतं, एर्लोटिनिब अंगी कमी लागते.)

गोळीची वेळ पहाटे साडेपाचची ठरली. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स आणि चेहऱ्यासाठी सौम्य मलम मोजक्या दिवसांसाठी लिहून दिलं. जुलाबासाठी लोपेरामाइड कधी आणि किती, ते कागदावर आलं, सोबत ओआरएस. जेल, लेप, मेडिकलवाल्याचं मलम बंद. आंघोळ कोमट पाण्यानं, वासाचा साबण नको, उटणं नको, वजरीनं घासणं नको. अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. उन्हानं हे पुरळ चेकाळतं, म्हणून झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन आणि रुंद काठाची टोपी. गावात बाईमाणसानं टोपी घालायची म्हणजे ताईंना अवघड वाटत होतं. यजमानांनी बागेतली स्वतःची टोपी दिली आणि स्वतः उपरणं बांधलं.

खाज नवावरून पाचावर आली. जुलाब मात्र म्हणावे तसे थांबेनात. मग डॉक्टरांनी गोळी १०० मिलिग्रॅमची केली आणि ताई पुन्हा माझ्यासमोर रडत बसल्या. "केली ना शेवटी कमी?" इथं मला वेळ द्यावा लागला. १५० हा सगळ्यांसाठी ठरवलेला सुरुवातीचा डोस. तो सोसला नाही तर १००, गरज पडली तर ५०, ही उतरती पायरी औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेली आहे. रोज नेमानं घेतलेली, डॉक्टरांनी ठरवून दिलेली १०० ची गोळी ही उपचार आहे. चोरून अर्धी केलेली किंवा एक दिवसाआड घेतलेली १५० ची गोळी घातक, कारण डॉक्टरांना वाटतं पेशंट पूर्ण डोस घेतोय. मग पुढचे सगळे निर्णय चुकीच्या माहितीवर होतात. हे त्यांना पटायला दोन बैठका लागल्या. खरं सांगायचं तर पुढचा स्कॅन चांगला आला, तेव्हाच पूर्ण पटलं.

अंगणवाडीचं काय करायचं, यावर आम्ही बरंच बोललो. कॅन्सर हा शब्द त्यांना गावात उच्चारायचा नव्हता आणि त्यासाठी मी आग्रहही धरला नाही. एक वाक्य ठरवलं, "हे माझ्या औषधानं उठलंय, कुणाला लागत नाही, डॉक्टरांचा कागद आहे." तेवढंच. पुढं कुणी खोदून विचारलं तर विषय बदलायचा. कागद त्यांनी पर्यवेक्षिकेला दाखवला. लसीकरणाच्या दिवशी एएनएम (आरोग्यसेविका) बाईंनी आयांसमोर तेच वाक्य म्हटलं आणि स्वतःच्या हातानं ताईंच्या गालाला मलम लावलं. त्यानंतर सगळ्या आया निवळल्या असं नाही. दोघी-तिघी अजून अंतर ठेवून असतात. पोरं मात्र परत गळ्यात पडू लागली.

दुसऱ्या औषधांचे त्रास वेगळे असतात, त्यामुळे ताईंचे उपाय कुणी जसेच्या तसे उचलू नयेत. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीनं तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, सोलवटतात. तिथं गरम पाणी, घट्ट चप्पल आणि कपडे पिळण्यासारखी रगडण्याची कामं टाळायची, मलम लावायचं आणि दुखायला लागताच कळवायचं. रेडिएशनच्या जागी सुती, सैल कपडा, आणि हळदीचा किंवा कसलाही लेप विचारल्याशिवाय नको. एकाच अंगाला पट्ट्यासारखे, आग होणारे फोड उठले तर ती नागीण असू शकते. गेरू लावून ती उतरवून घेण्यात दिवस घालवू नयेत, तिची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो.

काही गोष्टींत पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, फोन करून दवाखाना गाठायचा. पुरळासोबत ताप. कातडी सोलवटून निघणं, मोठे फोड, तोंड, डोळे किंवा लघवीची जागा सोलपटणं. चेहरा किंवा जीभ सुजणं. जुलाब औषधानंही न थांबणं, चक्कर येणं, लघवी कमी होणं. ईजीएफआरच्या गोळ्यांवर असताना नव्यानं लागलेली धाप किंवा वाढलेला कोरडा खोकला, कारण क्वचित या गोळ्यांनी फुप्फुसालाच सूज येते. आणि केमो चालू असताना ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला, तर घरी क्रोसिन घेऊन थांबायचं नाही.

ताईंना पुढे पायाच्या अंगठ्याला नखुरडं झालं. हाही याच गोळीचा त्रास, पुरळानंतर काही आठवडे-महिन्यांनी उगवणारा. सूज दिसली त्याच सकाळी त्यांनी रजिस्टरात तारीख टाकली, फोटो काढला आणि मला न विचारता थेट डॉक्टरांच्या विभागात फोन लावला.