पैलवानानं जड वजन उचलावं का? सविस्तर उत्तर

भावा, तुझा प्रश्न असा की वय १९, वजनगट ७४ किलो, कोल्हापुरात तालमीत राहतोस, वस्ताद म्हणतात जिमला जाऊ नको अंग आखडतं, आणि जिमचा ट्रेनर म्हणतो आठवड्याला सहा दिवस ये, चेस्ट-बॅक-लेगचं शेड्यूल देतो, वर वजनगट सुटायची भीती पण वाटते, मग ऐकायचं कुणाचं. माझं मत सरळ आहे. जड वजन उचल, नक्की उचल, पण त्या ट्रेनरचं शेड्यूल घेऊ नको. आणि वस्ताद जे सांगतायत ते डोळ्यानं बघितलेलं आहे, ते उडवून लावू नको.

वस्तादांनी काय बघितलं असणार? पोरगं संध्याकाळी जिमला जातं, छातीचे चार प्रकार, पायाचे चार प्रकार, प्रत्येकाचे बारा-पंधरा रेप्सचे (रेप म्हणजे वजन एकदा वर-खाली करणं, न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट) चार-चार सेट, हात वर होईना इतकं मारतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरतं. मांड्या भरलेल्या, दंड कडक, पटाला (समोरच्याचे पाय धरायच्या डावाला) खाली जाता येत नाही, गेलाच तर उठता येत नाही, रोज ज्याला खेळवतो तो हलका जोडीदार पण घिस्सा डाव मारून जातो. कुठलाही वस्ताद म्हणणारच की जिमनं पोरगं बिघडवलं. पण हे आखडणं वजन जड होतं म्हणून झालेलं नसतं, रेप्सचा ढीग घातला म्हणून झालेलं असतं. तीन ते पाच रेप्सचे मोजके सेट, प्रत्येक सेटला एखाद-दोन रेप्स शिल्लक ठेवून थांबायचं, मधे तीन-चार मिनिटं खरी विश्रांती, असं केलं तर सवय झाल्यावर दुसऱ्या दिवशी अंग बऱ्यापैकी मोकळं असतं. पहिले दोन आठवडे दुखणार, ते कुणालाच चुकत नाही, म्हणून मैदान तोंडावर असताना सुरुवात करायची नाही एवढंच.

आता जोर-बैठकांचं. बरेच जण जिम लागली की जोर-बैठकांना नावं ठेवायला लागतात, ते मला अजिबात पटत नाही. दमसास, गुडघे-खांदे कणखर होणं, दमल्यावरही अंग चालवत ठेवायची सवय, हे सगळं त्यातनंच येतं. पण बैठकेला वजन तुझंच असतं आणि ते वाढत नाही. पन्नास बैठका आरामात निघायला लागल्या की पुढच्या पाचशेनं दम वाढतो, एका झटक्यात लावायची ताकद फारशी वाढत नाही. कारण शरीर गरजेपुरतेच स्नायूतंतू कामाला लावतं, आधी छोटे, न दमणारे, आणि मोठे जोरदार तंतू सगळ्यात शेवटी. वजन तुझ्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास गेलं की ते मोठे तंतू पहिल्याच रेपला उठतात, आणि त्यांना एकदम, वेगानं बोलवायची सवय मेंदूला लागते. सुरुवातीच्या काही महिन्यांत ताकद वाढते ती बरीचशी या सवयीमुळे, स्नायू फुगल्यामुळे नाही.

म्हणून तुझी ‘वजनगट सुटेल’ ही भीती पण तशी कमीच आहे. वजन वाढतं ते भरपूर सेट आणि त्यावर खुराक चढवल्यानं. अर्थात काट्यावर लक्ष ठेवायचंच, २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली आणि अपात्र ठरली, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

अजून एक गोष्ट, खेळच बदललाय. गामा पैलवान आणि पोलंडच्या झिबिस्कोची १९१० ची लंडनची कुस्ती अडीच तासाच्या वर चालली आणि निकाल लागला नाही. तसल्या कुस्तीला हजारो बैठकांची मेहनत हाच बरोबर इलाज होता. तू गादीवर खेळतोस, तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मधे ३० सेकंद, आणि नुसता बचाव करत बसलास तर पंच पॅसिव्हिटी (निष्क्रियतेची ताकीद) देतो. इथं दम लागतोच, पण दर पंधरा-वीस सेकंदाला एकदा अंगातली सगळी ताकद एका क्षणात ओतावी लागते, आणि ती सहाव्या मिनिटालाही ओतता आली पाहिजे.

सहाव्या मिनिटाचा हिशोब बघ. समोरचा ७४ किलोचा, त्याला खालच्या डावात कमरेला कब्जा घालून उचलायचंय. तुझी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन धरून सरळ उभं राहणं) कशीबशी १०० किलोची असेल तर प्रत्येक उचलीला तुझी तीन चतुर्थांश ताकद जाते, आणि तो काही गप्प पडून राहत नाही म्हणजे खरी त्याहून जास्तच. डेडलिफ्ट १५० ची असेल तर तेच काम निम्म्या ताकदीत होतं. पहिल्या राउंडला दोघंही उचलतील. दुसऱ्या राउंडला, हाताची पकड सुटायला लागल्यावर, फक्त १५० वाला उचलतो. दम संपला असं आपण म्हणतो तेव्हा खूपदा ताकदच मुळात तोकडी असते आणि प्रत्येक डाव महाग पडत असतो.

पटाचंच घे. तू दुहेरी पटाला शिरलास, त्यानं पाय मागं फेकून छाती तुझ्या पाठीवर टाकली. एक गुडघा गादीवर, एक पाऊल पुढं, त्याचं सगळं वजन तुझ्या मानेवर आणि खांद्यावर. इथनं डोकं वर ठेवून, पाठ सरळ ठेवून त्या पुढच्या पायावर उभं राहायचंय. उभा राहिलास तर गुण तुझे, अडकलास तर तो फिरून पाठीमागं जातो. हे उठणं म्हणजे जड स्क्वॉटच (खांद्यावर वजन घेऊन बसून उठणं) आहे. नुसत्या स्क्वॉटनं पट काढता येणार नाही, शिरायचं टायमिंग वस्तादच शिकवणार, पण शिरल्यावर उठायला जी ताकद लागते ती बारबेलखाली जितकी हिशोबात वाढवता येते तितकी दुसरीकडं येत नाही. आणि तालमीत जड काम कधीच नव्हतं असं पण नाही. नाल (तालमीतलं दगडी वजन) उचलणं, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणं हे काय आहे? फक्त तिथं दर आठवड्याला अडीच किलो वाढवायची सोय नव्हती.

करायचं काय तर आठवड्यातनं दोनच दिवस. एका दिवशी स्क्वॉट, कमरेला वजन बांधून पुलअप, आणि डोक्यावर प्रेस. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, वाकून रो (वजन पोटाकडं ओढणं), आणि शेवटी दोन्ही हातात जड डंबेल घेऊन चालणं, पकडीसाठी. गरम व्हायचे सेट सोडून प्रत्येकाचे तीन सेट, आणि चालणं सोडून बाकीच्यांना तीन ते पाच रेप्स. तासाभरात बाहेर. बायसेप, केबल, छातीचे पाच प्रकार, काही नको. पहिला महिना हलक्या वजनावर फक्त पद्धत बसव, डेडलिफ्टला पाठ गोल झाली की तो सेट तिथंच संपला, मग वजन कितीही सोपं वाटत असू दे.

ज्या दिवशी कडक लढत असते त्या दिवशी सकाळी लढत, संध्याकाळी वजन, मधे सहा-सात तास. उलटं करू नको, दमलेल्या अंगानं लढत केली की डावही बिघडतो आणि दुखापतही होते. आणि वजनं सुरू केलीस की मेहनतीतनं काहीतरी कमी करावंच लागेल. १९८० ला हिक्सन नावाच्या संशोधकानं दहा आठवड्यांचा प्रयोग केला होता, ताकदीचा आणि दमाचा व्यायाम दोन्ही भरपूर करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे वाढली आणि मग घसरायला लागली, नुसती ताकद करणाऱ्यांची वाढत राहिली. त्यामुळं वजनाच्या दिवशी बैठका निम्म्या कर, नाहीतर दोन्हीकडनं जाशील.

आपल्याकडं सोय पण चांगली आहे, पावसाळ्यात जत्रा-यात्रांची मैदानं बंद असतात, तेव्हाच वजन चढवायचं. सीझन लागला की आठवड्याला एक दिवस, वजन तेवढंच जड पण सेट दोन. मोठ्या स्पर्धेच्या आधी आठवडाभर पूर्ण बंद.

बॉक्सरनं पण जड वजन उचलावं का असं एकानं विचारलंय, त्याला एवढंच सांगतो की ठोसा इतक्या कमी वेळात जातो की कमाल ताकद लावायला सवडच मिळत नाही, त्यामुळं बॉक्सरला जड वजनाचा फायदा होतो पण एका मर्यादेपर्यंत, तिथनं पुढं मेडिसिन बॉल फेकणं, उड्या असलं वेगाचं काम जास्त कामाचं. कुस्ती, ज्युडोत समोरचं वजन धरून हलवायचं असतं, तिथं ही मर्यादा खूप लांब आहे.

आणि हे सगळं वस्तादांपासून लपवून करू नको. त्यांना सांग की दोनच दिवस, तीनच व्यायाम, पाचच्या वर रेप्स नाहीत, लढत आधी आणि वजन नंतर. दोन महिन्यांची परवानगी माग आणि त्यांनाच म्हण की माझा पट आणि उचल बघा, अंग आखडलेलं दिसलं तर तुम्ही सांगाल त्या दिवशी बंद करतो. कंबर किंवा गुडघ्याचं काही जुनं दुखणं असेल तर इथं लिही, डेडलिफ्टच्या जागी दुसरं काय घ्यायचं ते सांगतो.