उगाच गाडी काढून फिरायला जाताना: वाचकांचे प्रश्न

पाऊस स्थिरावला की आमच्याकडे एकाच प्रकारची पत्रं जास्त येतात: काम काही नाही, कुणाकडे जायचं नाही, नुसती गाडी घेऊन फिरून यायचंय. या अंकासाठी त्यातली पाच निवडली आहेत. घाटाचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून उत्तरंही तिथेच लांबली आहेत.

प्रश्न (कोथरूड, पुणे): रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन पावसात एक चक्कर मारायची आहे. चढउतार, ट्रेक काही नाही, गाडीतूनच डोंगर बघायचे. ताम्हिणीची गर्दी ऐकून धास्ती वाटते. अर्ध्या दिवसात काय जमेल?

उत्तर: ताम्हिणीच करायची असेल तर सगळं गणित निघायच्या वेळेवर आहे. चांदणी चौकातून पहाटे साडेपाचला निघालात तर पिरंगुट, पौड मोकळं मिळतं, मुळशी धरणाच्या कडेला उजाडतं आणि सातच्या आसपास तुम्ही ताम्हिणी गावाजवळ असता. अंतर साधारण ५० किलोमीटर. नऊला गाडी परत वळवा. दहानंतर धबधब्यांपाशी दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून एसटी निघणंही मुश्कील होतं. पौड किंवा मुळशीच्या हॉटेलात स्वच्छतागृहाचं आटपून घ्या, पुढे घाटात सोय नाही. मोबाइलची रेंज तुटक असते, नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा.

पण आई-बाबा सोबत आहेत, तर आम्ही ताम्हिणीऐवजी पवना धरणाचा फेरा सुचवू. पौडला उजवीकडे वळून कोळवण, हाडशी, जवण, तिकोना पेठ, पवनानगर, मग कामशेत आणि तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घरी. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर. कोळवणच्या खोऱ्यात जुलैमध्ये भातलावणी चालू असते, पुढे तिकोना, तुंग, लोहगड आणि पवनेचं पाणी काचेतूनच दिसतं. मुख्य फायदा परतीचा आहे. रविवारी सकाळी पुण्यातली गर्दी लोणावळ्याकडे धावत असते, आणि तुम्ही दहा-अकराला उलट्या दिशेने येत असता.

या फेऱ्यात सांभाळायच्या दोन गोष्टी आहेत. चिखलणी करून शेतातून बाहेर पडलेला ट्रॅक्टर डांबरावर मातीचे पट्टे सोडून जातो. भुरभुर पावसात ते साबणासारखे होतात आणि नेमके वळणावर असले तर ब्रेक लावताच गाडी सरकते. पट्टे दिसले की आधीच वेग उतरवा आणि त्यांच्यावरून जाताना ब्रेक लावू नका. दुसरी गोष्ट साइडपट्टीची. समोरून टेम्पो आला म्हणून डावी चाकं खाली घातली की ती भिजलेल्या मातीत रुततात, कारण वरून घट्ट दिसणाऱ्या गवताखाली बऱ्याचदा पाण्याची चर असते. रुंद जागा बघून आधीच थांबा आणि समोरच्याला जाऊ द्या. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा संकेत तर आहेच, नियमही आहे.

कुठेही फोटोसाठी थांबाल तेव्हा कापलेल्या दरडीखाली थांबू नका. रस्त्यावर ताजे बारीक दगड पडलेले असतील, भिंतीवरून स्वच्छ पाण्याऐवजी लाल गढूळ पाणी येत असेल किंवा वरचं झाड रस्त्याकडे कललेलं असेल, तर पुढे निघा. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचे आदेश बघा. पावसाळ्यात वरंधसारखे घाट वाहतुकीला बंद ठेवले जातात आणि धबधब्यांच्या जागी जमावबंदीही लागते.

प्रश्न (सांगली): महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना चाकांतून जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं. गाडी ऑटोमॅटिक आहे, दोनच वर्षं झालीत. गाडीत दोष आहे का?

उत्तर: दोष बहुतेक गाडीत नाही, उतरायच्या पद्धतीत आहे. आधी यात किती ताकद गुंतलेली आहे ते पाहा. महाबळेश्वर ते पोलादपूर जवळजवळ १,३०० मीटरचा उतार. माणसांसकट दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा सुमारे सव्वापाच युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गिअर 'डी'मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये, ठेवून पाय सतत ब्रेकवर राहिला, तर यातली बहुतेक ऊर्जा चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते.

तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि त्या पायाला वेगवेगळ्या जाणवतात. पेडल कडक आहे, जोर लावताय, पण गाडी मंदावत नाही, तर ब्रेक पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. तुमचं दुसरं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. तुमची दोन वर्षं भरलीत, तेव्हा ते आता बदलून घ्याच. थंड झाल्यावर पेडल पुन्हा कडक झालं म्हणून सोडून देऊ नका. सर्व्हिसिंगच्या कार्डावर हे काम स्वतंत्र लिहायला सांगा, नाहीतर नुसती पातळी बघून गाडी परत मिळते.

आता उतरायचं कसं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे बहुतेक वळणांवर दुसरा, सरळ उतारावर तिसरा. एएमटी (क्लच आणि गिअर मशीनच बदलतं ती ऑटोमॅटिक) असेल तर दांडा 'एम'मध्ये, म्हणजे मॅन्युअलमध्ये, घेऊन दुसरा-तिसरा हाताने निवडा. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला) उतारासाठी 'एल' किंवा 'एस' असतं. गिअर उतार सुरू होण्याआधी पाडा, गाडी पळायला लागल्यावर नाही. इंजिनाचा आवाज वाढतो, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन-साडेतीन हजारांवर जातो आणि लोक घाबरून पुन्हा 'डी'त येतात. घाबरायचं कारण नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्ये उतरत असते तेव्हा इंजेक्शनच्या इंजिनाचं इंधन बंद झालेलं असतं, थेंबभर पेट्रोलचाही खर्च नाही. ब्रेक लावायचा तो ठामपणे, वेग दहा-पंधराने उतरवून पाय पूर्ण काढून घ्यायचा. हलका पाय टेकवून ठेवणं सर्वांत वाईट, कारण मग ब्रेकला निवायला क्षणच मिळत नाही. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखे जड होतात.

वास आलाच तर सपाट, रुंद जागी थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड एकदम निवलं की वाकतं किंवा तडकतं. हॅण्डब्रेक करकचून ओढू नका, 'पी'मध्ये (पार्कमध्ये) टाकून चाकाला दगड लावा, अर्धा तास थांबा आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाका. मागून रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव अशा दगडाने जातो, हे विसरू नका. चालत्या गाडीत पेडल मऊ झालं तर भराभर दाबत राहा, गिअर पाडा, मग हॅण्डब्रेक हळूहळू ओढा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक सूचना इथेच. उतारावर मोटर ब्रेकचं काम करते आणि बॅटरी भरते, पण बॅटरी आधीच काठोकाठ असेल तर भरायला जागाच नसते आणि तो ब्रेक क्षीण होतो. वरच्या मुक्कामी ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

प्रश्न (डोंबिवली): माळशेजला काचेवर सारखं धुकं बसतं. कधी एसी लावल्यावर जातं, कधी वाढतं. काय करायचं?

उत्तर: आधी बोट फिरवून बघा, धुकं आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर गाडीतल्या ओल्या कपड्यांचा आणि श्वासाचा दमटपणा गार काचेवर बसलाय. एसी चालू, तापमान थोडं उबदार, हवा काचेकडे आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येऊ द्यायची. नेमकं हेच बटण चालू राहिलेलं असतं. बाहेरून असेल तर उलटं घडलंय: एसीने काच इतकी गार केली की बाहेरची वाफ तिच्यावर बसली. अशा वेळी वायपर मारा आणि गारवा कमी करा. ओल्या छत्र्या डिकीत ठेवा.

दाट धुक्यात हेडलाइटचा झोत खाली ठेवा, वरचा झोत समोर पांढरी भिंत उभी करतो. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीचे आहेत.

प्रश्न (कोल्हापूर): गगनबावड्याला जायचं म्हटलं की आठ वर्षांच्या मुलाला उलटी होते. त्याच्यामुळे सगळ्यांचं फिरणं बंद झालंय.

उत्तर: दोन ते बारा या वयात हे सर्रास होतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, आणि डोळे पुढच्या सीटची पाठ किंवा मोबाइल बघत असतात. दोघांचा मेळ बसत नाही. त्याला मागे पट्टा लावून, समोरची काच दिसेल इतका उंच बसवा. पुस्तक, मोबाइल नको. रिकाम्या पोटी नेऊ नका. निघायच्या तासभर आधी थोडे पोहे किंवा अर्धी भाकरी ठीक, दूध आणि वडापाव नको. डॅशबोर्डवरची अत्तराची बाटली काढून टाका.

राहिलेलं काम चालवणाऱ्याचं आहे. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर उतरवा, वळणात गिअर आणि ब्रेक दोन्ही शांत. मूल एकदम गप्प झालं, जांभया द्यायला लागलं, तोंडाला लाळ सुटली की पाच मिनिटांत उलटी येणार हे धरून चाला, आणि तेव्हाच थांबून त्याला उतरवा. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते.

प्रश्न (पनवेल): पावसाळा संपल्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत निवांत जायचं आहे. गाडी जेटीवरून बोटीत घालायची म्हणजे नक्की काय करायचं? आमची सेडान आहे, खाली घासेल का?

उत्तर: फार सुंदर बेत आहे, फक्त एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका. दोन मुक्काम धरा. अलिबाग, रेवदंडा, मुरुड करून आगरदांडा. तिथून खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला दुसरी बोट, पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळहून तिसरी बोट धोपाव्याला, पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि तवसाळहून चौथी बोट जयगडला. तिथून गणपतीपुळे जवळच.

सेडान घासणं भरती-ओहोटीवर अवलंबून असतं. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार उघडा पडतो आणि बोटीची फळी जिथे टेकते तिथे कोन तीव्र होतो. लांब नाकाच्या आणि पाच माणसं, सामान भरलेल्या गाडीचा बंपर तिथे लागतो. माणसांना उतरवा, पहिल्या गिअरमध्ये, तिरकं न जाता खलाशी हात दाखवेल तसं सावकाश चढा. उतारावरचं शेवाळ ओलं असतं, तिथे जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला तर पुढची चाकं जागीच फिरतात. बोटीत गाडी लागली की हॅण्डब्रेक ओढा आणि गिअरमध्ये ठेवा. आरसे मिटा, शेजारी दुचाकी खेटून लागतात. शेवटच्या बोटीची वेळ जेटीवरच्या फलकावर बघा किंवा आदल्या दिवशी फोन करून घ्या. ती चुकली तर खाडीला वळसा घालून अंधारात कित्येक किलोमीटर जावं लागतं.

वाळूवर गाडी नेऊ नका. वर सुकी दिसते तिथे चाक फिरतं, खाली ओली घट्ट दिसते तिथे थांबल्यावर चाकाखालची वाळू वाहून जाते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली त्यांचं घरटं चिरडलं तरी तुम्हाला कळणारही नाही.

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. नुसती वरून धुतली तर मीठ सायलेन्सरच्या जोडांत आणि चाकांच्या कमानीत तसंच राहतं. आणि धुतल्यावर लगेच गाडी लावून ठेवू नका. दोन-तीन किलोमीटर चालवून ब्रेक काही वेळा दाबा म्हणजे डिस्क सुकतील, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यांवर तांबूस गंज आलेला दिसेल.