वाचकांचे प्रश्न: उरलेल्या औषधांची पेटी कोणी उचलायची?

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेत ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत आणि प्रत्येक घरात उरलेल्या, मुदत संपलेल्या गोळ्यांचा एक डबा आहेच. प्रवेशद्वाराशी एक पेटी ठेवावी, सर्वांनी औषधे तीत टाकावीत आणि जवळच्या औषध दुकानदारांनी ती दरमहा घेऊन जावी, असे सर्वसाधारण सभेत ठरले. दुकानदार मात्र साफ नाही म्हणतात. त्यांचे मन कसे वळवावे?
– सचिव, एक गृहनिर्माण संस्था, कल्याण

उत्तर: त्यांचे मन वळवण्याच्या खटपटीत आपण पडू नये, कारण त्यांच्या नकाराला कायद्याचा आधार आहे. औषध नियमावलीतील नियम 65 नुसार मुदत संपलेले औषध विकण्यास आणि दुकानात साठवण्यासही परवानाधारकास मनाई आहे. कंपनीकडे परत पाठवण्याची किंवा नष्ट करण्याची कार्यवाही सुरू असेल, तरच असा माल ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवता येतो. दुकानदारांचा स्वतःचा माल बिलाच्या आधारे वितरकाकडे परत जातो; आपल्या घरांतून येणाऱ्या अर्ध्या कापलेल्या पट्ट्यांना ना बिल असते, ना धड बॅच क्रमांक. उद्या तपासणीस आलेल्या औषध निरीक्षकांना त्या पट्ट्या विक्रीच्या नाहीत हे पटवून देण्याची जबाबदारी एकट्या दुकानदारावर येईल आणि ती त्यांनी का घ्यावी?

म्हणून या कामाची आखणी उलट्या टोकाने करावी: ही औषधे शेवटी कोण नष्ट करणार, हे आधी लेखी ठरवावे आणि पेटी त्यानंतर आणावी. रुग्णालयांतील मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीतून सामायिक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राकडे जातात. 2016 च्या नियमांनुसार तेथील भट्टीच्या पहिल्या कक्षात किमान 800 आणि दुसऱ्या कक्षात सुमारे 1050 अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. अंगणात पालापाचोळ्याबरोबर गोळ्यांच्या पट्ट्या पेटवल्या तर या तापमानाच्या जवळपासही पोचता येत नाही आणि पट्टीतील प्लास्टिकचा विषारी धूर तेवढा सर्वांच्या वाट्याला येतो. प्रश्न असा की, ही केंद्रे रुग्णालयांशी करार करतात; एखाद्या सोसायटीची पाच किलोंची पिशवी घेण्यासाठी ती गाडी वळवणार नाहीत. महापालिकेची गरज लागते ती येथे.

महापालिकेकडे जाताना आपण उपकार मागत आहोत अशी भावना ठेवू नये. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदतबाह्य औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी शहरात दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली असून तीत मुदतबाह्य औषधेही घेतली जातात. आपली संस्था त्या हद्दीत नसली, तरी आपल्या पालिकेच्या घनकचरा विभागाला लिहिताना हा दाखला जोडता येईल. पत्र एकट्या संस्थेचे असण्यापेक्षा परिसरातील दहा-बारा संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ आणि औषधविक्रेत्यांची स्थानिक संघटना यांच्या सह्यांचे असावे. दुकानदारांना माल साठवण्याची सक्ती नसेल, तर ते माहिती देणे, फलक लावणे, वर्गीकरणास औषधनिर्माता पाठवणे या कामांत बहुधा आनंदाने येतील.

केरळचा अनुभव याच दिशेने गेला आहे. तेथे औषध नियंत्रण विभाग आणि औषधविक्रेत्यांची संघटना यांनी 2019 मध्ये तिरुवनंतपुरम येथे वापराविना राहिलेली औषधे गोळा करण्याचा प्रायोगिक उपक्रम केला. पुढे 2025 मध्ये कोझिकोड महापालिका आणि उळ्ळियेरी ग्रामपंचायत येथे त्याची नवी आवृत्ती सुरू झाली. तीत दुकानांतील पेट्यांच्या जोडीला घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या महिलांना सामील करून घेण्यात आले आणि गोळा झालेला माल एर्नाकुलम जिल्ह्यातील प्रक्रिया केंद्राकडे जाईल, हे आधीच ठरवण्यात आले. माझ्या मते यातील अनुकरणीय भाग पेटी नसून त्या महिला आहेत. गुडघेदुखीमुळे जिना न उतरणाऱ्या आजींच्या दारापर्यंत पेटी कधीच जात नाही. आपल्याकडेही कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना या कामात घ्यावे, मात्र त्यांना हातमोजे आणि या कामाचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे.

इतके जुळल्यावर पेटीचा विचार करावा. ती प्रवेशद्वाराशी नको, कार्यालयात कॅमेऱ्यासमोर असावी. तोंड अरुंद, कुलूप दुहेरी आणि किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे असाव्यात. पट्ट्या तशाच टाकाव्यात, कागदी खोकी सुक्या कचऱ्यात द्यावीत. इन्सुलिनच्या सुया, पाऱ्याचे तापमापक आणि दम्याचे फवारे यांना या पेटीत जागा नाही. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात वेगळ्या द्याव्यात. कर्करोगाच्या गोळ्या उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडेच परत कराव्यात. नोंदवहीत तारीख आणि वजन लिहावे, कोणी काय टाकले ते लिहू नये. शेजारच्या घरात मनोविकाराच्या गोळ्या घेतल्या जातात, हे कार्यकारिणीला कळण्याचे काही कारण नाही.

प्रश्न: उरलेली औषधे शौचालयात टाकून पाणी सोडणे योग्य की अयोग्य? दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर: बहुतेक औषधांसाठी अयोग्य. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची रचना औषधी द्रव्ये काढण्यासाठी नसते आणि प्रतिजैविके पाण्यात गेल्याने औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंना बळ मिळते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मात्र सतरा औषधांचा अपवाद केला आहे. त्यांत फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम यांसारखी नावे आहेत. घरातील मुलाच्या हाती ती चुकून लागली, तर एखादी मात्राही जिवावर बेतू शकते, म्हणून पाण्याची हानी पत्करूनही ती तत्काळ नाहीशी करावीत, असा त्यामागचा विचार आहे. इतर औषधांसाठी गावात कोणतीही सोय नसल्यास गोळ्या पट्टीतून काढून, न चुरता, माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीत कचऱ्याला द्याव्यात. अखंड पट्ट्या कचऱ्यात टाकल्यास त्या पुन्हा कोणाच्या तरी हाती जाण्याची भीती राहते.

(घरांतून फेकलेल्या औषधांमुळे गिधाडे मेली, असेही या वाचकाने पत्रात म्हटले आहे. गिधाडे डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने मेली हे खरे, पण ते त्यांच्या पोटात गेले औषध दिलेल्या गुरांच्या मृतदेहांतून, घरगुती कचऱ्यातून नव्हे.)

प्रश्न: मुदत न संपलेली औषधे गरजूंना देता येतील का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: फक्त तेथे, जेथे डॉक्टर किंवा नोंदणीकृत औषधनिर्माता प्रत्येक पट्टी तपासून देतात अशा धर्मादाय दवाखान्यात. फ्रान्समध्ये 1993 पासून औषध दुकानांमार्फत उरलेली औषधे गोळा केली जातात. ती परदेशी मदतीसाठी पाठवण्याची पद्धत 2008 अखेर बंद करण्यात आली आणि आता ती सर्व जाळून त्यातून ऊर्जा मिळवली जाते. उघडलेली पातळ औषधे, डोळ्यांचे थेंब आणि शीतकपाटात ठेवावी लागणारी औषधे कोणालाही देऊ नयेत, कारण ती मधल्या काळात कशी ठेवली गेली हे सांगता येत नाही. पट्टी कापताना मुदतीची तारीख छापलेले टोक शेवटपर्यंत राखावे. तारीख नसलेल्या गोळ्या दवाखाना घेणार नाही आणि त्याने घेऊही नयेत.